आईच्या केसांतली साडेतीन वर्षं

आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. ही हकीकत घडली तेव्हा मला बारावं लागलं होतं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. बाबा रेल्वेच्या कचेरीत होते. सकाळी साडेआठला जेवून ते बालीगंजहून गार्डन रीचला जायला निघत, दोन बस बदलत. आम्ही तिमजली घराच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. मधल्या मजल्यावर घरमालकांचं कुटुंब होतं आणि वर गच्चीला लागून असलेल्या एका खोलीत एक बाई एकट्या राहायच्या. मुलींच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत. सगळं घर त्यांना दिदिमणी म्हणे, बंगालीत शिक्षिकांना तसंच म्हणतात.

माझी आई दिसायला बेताची होती, हे ती स्वतःच हसत सांगायची. पण तिचे केस विलक्षण होते. साताऱ्याला असताना तिची न्हायची वेळ झाली की शेजारच्या बायका केस विंचरायला मदत करण्याच्या निमित्ताने येत, तिचे केस तळहातावर तोलून बघत. तेल लावलेलं नसलं तरी ते ओलसर वाटायचे. कंबरेखाली येणारे, काळे, जड. आईने कधी दागिन्यांचा हट्ट केला नाही. तिला त्याची गरज वाटत नसावी.

कलकत्त्यात आल्यावर हळूहळू ते केस राठ होत गेले. पहिल्या वर्षी तिने लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वर्षी आमचं बाळ झालं आणि आठ दिवसांचं होऊन गेलं. त्यानंतर काही महिने ती केसांना हात लावायची ती फक्त बांधण्यापुरता. पुन्हा जेव्हा तिने नीट वेणी घालायला घेतली तेव्हा हाताला काथ्या लागत होता. फणी मध्येच अडे, ओढली की तुटल्याचा बारीक आवाज येई. माझ्या लहानपणातला तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

तिने काय काय केलं ते मी बघत होते. खोबरेल तर होतंच. मग तिळाचं तेल, मग एरंडेल. घरमालकीणबाईंनी दिलेलं जास्वंदीचं लाल तेल. भिजवलेली मेथी वाटून, दही, कोरफडीचा गर. गावाहून टपालाने शिकेकाई, रिठे, नागरमोथा मागवला. तेल लावलं की दोन दिवस केस नुसते चिकट होत आणि आतून कोरडे ते कोरडेच. "तेल वर बसतंय," ती म्हणायची, "आत शिरतच नाही."

शेवटी बाबा एकदा मोठ्या बाजारात जाऊन एक विलायती बाटली घेऊन आले. गुलाबी, दाट, दुधासारखं काहीतरी होतं त्यात. केस धुतल्यावर लावायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि पुन्हा धुऊन टाकायचं. बाबांनी बाटलीवरचं इंग्रजी वाचून मराठीत अर्थ सांगितला आणि आईने अक्षरशः तसंच केलं. त्या दिवशी केस मऊ लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते पुन्हा होते तसे झाले. बाटली संपेपर्यंत दर खेपेला असंच.

"या गावाला मी मानवलेली नाही," आई एकदा म्हणाली. ती केसांबद्दलच बोलत होती, असं बाबांनी धरून चालायचं ठरवलं. पण त्यानंतर तिने मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला जाणं सोडलं. पदर डोक्यावरून घट्ट ओढून घ्यायला लागली. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती.

एका शनिवारी दुपारी आई दारातल्या शेगडीवर शिकेकाई उकळत होती. पांढरं एनॅमलचं पातेलं होतं. आमच्या दारावरूनच जिना वर जायचा. दिदिमणी कॉलेजातून परतत होत्या. त्या उंच, किडकिडीत, जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. एरवी मान हलवून वर जायच्या. त्या दिवशी दोन पायऱ्या चढल्या आणि परत खाली उतरल्या.

"बौदी," त्या हिंदीत म्हणाल्या, "ही शाई कसली करताय?" बौदी म्हणजे वहिनी. आईला तेवढं कळलं, बाकीचं मी सांगितलं. आईचं हिंदी बेताचं, दिदिमणींचं त्याहून बेताचं, आणि मला एव्हाना बंगाली येत होतं, म्हणून त्या दिवसापासून दोघींमधलं बरंचसं बोलणं माझ्या तोंडून व्हायला लागलं.

"शाई नाही, शिकेकाई आहे. केस धुवायला," आई म्हणाली. "इथं अशी काळी पडते. गावी तांबूस व्हायची."

"तांबूस? नक्की?"

"लहानपणापासून उकळतेय मी."

दिदिमणी तिथेच उकिडव्या बसल्या. पातेल्यात बोट बुडवून त्यांनी ते उजेडात धरलं. मग विचारलं, "पाणी कुठलं घेता?"

घरात पाणी दोन तऱ्हेचं होतं. नगरपालिकेचं गाळलेलं पाणी सकाळी तासभर यायचं, तेही वरच्या मजल्यावर आधी भरून घेतलं जायचं. आमच्या वाट्याला पिण्यास्वयंपाकापुरतं मिळे. आंघोळ, धुणं, भांडी, न्हाणं हे सगळं अंगणातल्या हातपंपावर. आईने हातपंपाकडे बोट दाखवलं.

"दूध न घालता चहा कराल का? दोन कप. एक माठातल्या पाण्याचा, एक पंपाच्या."

आईला वाटलं, त्यांना तहान लागली आहे. तिने चहा केला. माठातल्या पाण्याचा चहा रोजच्यासारखा लालसर, नितळ झाला. दुसऱ्या कपात पंपाच्या पाण्याचा ओतला आणि आम्ही बघत असतानाच तो जांभळा होत गेला, मग काळा. त्यात कुणी काही घातलं नव्हतं. मी मागे सरकले. आईने कपावरचा हात काढून घेतला.

"विष आहे का?" तिने विचारलं.

"नाही," दिदिमणी म्हणाल्या. "लोखंड."

जमिनीखालच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असतं, ते डोळ्यांना दिसत नाही, पण चहात आणि शिकेकाईत जो तुरटपणा असतो तो त्याला पकडतो आणि काळा करतो, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी साबणाचा तुकडा मागितला. माठातल्या पाण्यात फेस झाला. पंपाच्या पाण्यात साबण दह्यासारखा फाटला, त्याचे कण काठाला चिकटले.

"हा चुना. तुम्ही केस धुताय असं तुम्हाला वाटतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दर आठवड्याला केसांवर लोखंडाचा आणि चुन्याचा थर चढवताय. त्याच्यावर तेल घाला, विलायती औषध घाला, ते थरावर बसणार. आणि केसांना तेल नकोच आहे, बौदी. त्यांना पाणी हवंय. तेल फक्त आलेलं पाणी धरून ठेवायला."

हे मी मराठीत सांगितलं तेव्हा आई माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी चुकीचं सांगत होते. "पाण्याने केस मऊ होतात?" ती म्हणाली. "पुन्हा विचार त्यांना." मी पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.

त्यानंतर पाणी आणायचं काम मी अंगावर घेतलं. गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचा नळ होता, पहाटे सुरू व्हायचा. कळशी घेऊन मी रांगेत उभी राहायचे. कळशीला बंगालीतही जवळजवळ कळशीच म्हणतात, हे मला तिथेच कळलं. रांगेतल्या बायकांनी पहिल्या दिवशी चौकशी केली, कुठली तू, कशाला पाणी. मराठी म्हटल्यावर एकजण बाकीच्यांना म्हणाली, बर्गी आली ग, कळश्या सांभाळा. पूर्वी बंगालवर चालून आलेल्या मराठ्यांच्या स्वारांना ते लोक बर्गी म्हणतात. सगळ्या हसल्या. पण आईच्या केसांसाठी पाणी नेते म्हटल्यावर त्याच बाईने मला आपल्या पुढे उभं केलं.

दिदिमणींनी पद्धत सांगितली ती सोपी होती, तरी आम्ही ती लगेच जमवली नाही. आधी लिंबाचा रस भरपूर पाण्यात घालून केसांवरून ओतायचा, म्हणजे साचलेला थर सुटेल. आईला वाटलं जास्त रस घातला तर लवकर सुटेल. टाळूची इतकी आग झाली की ती दिवसभर ओला पंचा डोक्यावर धरून बसली. दिदिमणी रागावल्या. दोन मोठ्या तांब्यांना अर्धं लिंबू, त्यांनी बोटं दाखवून सांगितलं, अर्धं. मग गाळलेल्या पाण्यात केलेली शिकेकाई, तीही केसांच्या मुळांशी, टोकांना चोळायची नाही. मग जास्वंदीची पानं पाण्यात कुस्करून त्याचा बुळबुळीत रस. आणि शेवटी, केस निथळत असतानाच, तळहातावर चारच थेंब खोबरेल. कोरड्या केसांना अजिबात नाही. वर जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा गुंडाळायचा, चोळून पुसायचं नाही आणि उन्हात बसायचं नाही.

शेवटची गोष्ट आईला सगळ्यात जड गेली. न्हाऊन झाल्यावर उन्हात पाठ देऊन बसणं हे तिचं एकमेव सुख होतं. "उन्हात केस सुकवायचे नाहीत तर न्हायचं कशाला," ती म्हणाली. पण सावलीत बसली.

पहिल्या न्हाण्याला काहीच झालं नाही. दुसऱ्याला शिकेकाईचं पाणी तांबूस राहिलं आणि आई त्या रंगाकडेच बघत बसली. तिसऱ्यानंतर मी तिची वेणी घालत होते आणि माझी बोटं टाळूपासून हातभर न अडखळता खाली आली. मी थांबले. पुन्हा वरून बोटं घातली. केस थंड होते. आईनेच हात मागे आणून चाचपलं आणि तो हात बराच वेळ तिथे तसाच ठेवला.

पण खालचे केस मात्र होते तसेच. तिथे आलं की बोटं अडत, टोकं झाडूसारखी. आणखी तीन आठवडे तेच. आई दिदिमणींकडे गेली, मला पुढे करून. "वरचे सुधारले, खालचे का नाही, विचार."

दिदिमणींनी वेणीचं टोक हातात घेऊन पाहिलं. "सांगून पटणार नाही," त्या म्हणाल्या. "रविवारी माझ्याबरोबर कॉलेजात चला. दाखवते."

आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली. कॉलेजची इमारत तिने आतून कधी पाहिली नव्हती. रविवारी ती ठेवणीतलं नऊवारी नेसली आणि आम्ही तिघी ट्रामने गेलो. दरवानाने दार उघडलं. लांबलचक अंधाऱ्या व्हरांड्यातून आमच्या चपलांचा आवाज येत होता. प्रयोगशाळेच्या दाराशी आईने चपला काढल्या.

"घाला, घाला," दिदिमणी म्हणाल्या. "इथं काचा पडलेल्या असतात."

खिडकीजवळच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, पितळी, काळा. दिदिमणींनी आईचा एक लांब केस मुळापासून उपटून मागितला. तो त्यांनी टेबलावर सरळ ताणला, मुळाजवळचा तुकडा कापून काचेच्या पट्टीवर ठेवला, वर पाण्याचा थेंब, वर पातळ काच. खालचा आरसा फिरवून उजेड आणला आणि आईला म्हणाल्या, "एक डोळा मिटा."

आईला एकच डोळा मिटता येईना. शेवटी मी तिच्या एका डोळ्यावर हात धरला. ती वाकली. माझ्या तळहाताखाली तिच्या पापण्या फडफडल्या आणि मग एकदम स्थिर झाल्या.

मी विचारलं, काय दिसतंय? ती अगदी हळू म्हणाली, "माडाचं खोड आहे."

मग मी पाहिलं. खरंच तसं होतं. तपकिरी, उजेड आरपार गेलेलं एक जाड खोड आणि त्यावर एकावर एक बसवलेले खवले, इतके नीट की कुणीतरी बसून एकेक लावले असावेत असं वाटावं. काठ सगळे खालच्या दिशेने, एकमेकांना घट्ट चिकटलेले. अशी लाखभर खोडं प्रत्येकाच्या डोक्यावर असतात, दिदिमणी म्हणाल्या. मला माझ्याच डोक्याला हात लावायची भीती वाटली.

मग त्यांनी टोकाचा तुकडा ठेवला. तिथे खवले उचकटलेले होते, मधूनमधून नव्हतेच, आणि टोकाला ते खोड उभं चिरलं होतं, बांबू फुटतो तसं. "इथून पाणी आत जातं आणि तसंच बाहेर येतं," दिदिमणी म्हणाल्या. "धरून ठेवायला काही उरलेलं नाही. हा आता सुधारणार नाही. केस मेलेला असतो, बौदी."

"मेलेला?" आई म्हणाली. "मग वाढतो कसा?"

"फक्त मुळाशी जिवंत असतो. तिथून बाहेर आला की मेला. महिन्याला साधारण अर्धा इंच." त्यांनी लाकडी पट्टी घेतली आणि आईच्या आणखी एका उपटलेल्या केसाशेजारी ठेवली. "हे टोक सगळ्यात म्हातारं. तुम्हाला इथं येऊन किती दिवस झाले?"

"साडेतीन वर्षं," मी म्हटलं.

त्यांनी मुळापासून एकवीस इंच मोजले आणि तिथे बोट ठेवलं. "मग हे इथं, हा तुम्ही हावड्याला उतरलात तो दिवस. इथून खालचा केस तुमच्या गावचा. इथून वरचा सगळा कलकत्त्याचा."

मी सांगितलं, आणि आई त्या केसाकडे बघत राहिली. टेबलावर तो पडला होता, पट्टीशेजारी, एखादी बारीक रेघ असावी तसा. गावी उगवलेला तो तुकडा वीतभरच होता, तोच सगळ्यात राठ. आणि पंपाच्या पाण्याने कितीही छळलं असलं तरी त्याच्या वरचा, इथे उगवलेला, शाबूत होता. मला ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. आईला कळलं असावं, कारण तिने जे विचारलं ते मला मराठीतून बंगालीत नेताना जड गेलं.

"विचार त्यांना," ती म्हणाली, "दोन वर्षांपूर्वीचा कुठला?"

दिदिमणींना आमच्या बाळाबद्दल माहीत नव्हतं. त्या तेव्हा या घरात राहायला आल्या नव्हत्या. त्यांनी सहज बारा इंच मोजले, तिथला नखाएवढा तुकडा कापला आणि काचेवर ठेवला. "मुळाइतका छान नसेल," त्या म्हणाल्या.

आईने या वेळी स्वतःच एका हाताने डोळा झाकला. ती वाकून बघत राहिली. खिडकीबाहेर ट्राम गेली, टेबल थरथरलं, तरी तिने डोळा हलवला नाही. दिदिमणी काही म्हणणार होत्या. माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या.

आई सरळ झाली. "नीट आहे," ती म्हणाली. "सगळे खवले जागच्या जागी आहेत."

मी हे बंगालीत सांगितलं नाही. दिदिमणींनी विचारलंही नाही. त्यांनी ती काचेची पट्टी बाकीच्यांसारखी धुवायला टाकली नाही, तेवढं मला दिसलं. रुमालाच्या कडेने पुसून बाजूला ठेवली.

पुढच्या शुक्रवारी आईने वरच्या गच्चीवर दिदिमणींकडून केस कापून घेतले. वीतभर, पट्टी लावून. आमच्याकडे सवाष्णीने केस कापणं म्हणजे भलतंच होतं, आणि गावी कळलं असतं तर पत्रांवर पत्रं आली असती. घरमालकीणबाई जिन्यातून बघून गेल्या आणि दोन दिवस बोलल्या नाहीत. बाबा संध्याकाळी आले. आईने पाठ वळवून त्यांना दाखवलं. ते बूट काढता काढता थांबले.

"सगळे राठ होते तेवढेच?" त्यांनी विचारलं.

"गावचे होते तेवढे," आई म्हणाली.

बाबांना ते कळलं नाही. मीही समजावून सांगितलं नाही.

थंडी सुरू झाली तोवर तिचे केस पूर्वीसारखे झाले होते असं मी म्हणणार नाही. पूर्वीसारखे ते पुन्हा कधी झाले नाहीत. लांबी कमी, विरळही थोडे. पण हात लावला की ओलावा लागायचा आणि फणी एका दमात खाली यायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती डोक्यावर पदर न घेता गेली. तिथल्या बायकांनी कुठलं तेल म्हणून विचारलं, तेव्हा तिने यजमानीणबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन, एक नळाच्या आणि एक पंपाच्या पाण्याचा, असा दोन कप कोरा चहा केला आणि सगळ्यांना दाखवला. एक कप काळा पडताना बघून दहा-बारा बायका पुढे सरकल्या. त्यातल्या एकीने, मला आठवतं, दिदिमणींसारखंच बोट बुडवून उजेडात धरलं.

दिदिमणींना ती बाई म्हणायला लागली होती. बंगालीत बाई म्हणजे मैफलीत नाचणारी-गाणारी, असं मी तिला कितीदा सांगितलं. "आमच्याकडे शिकवणाऱ्यांना बाईच म्हणतात, असं सांग त्यांना," ती म्हणायची. मी सांगितलं. दिदिमणी जोरात हसल्या आणि पुढे त्याच स्वतःची आमच्या दारातून "बाई आल्यात" म्हणून वर्दी द्यायला लागल्या.

त्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा दोनदा प्रयोगशाळेत गेलो. केसांचं काम संपलं होतं. आईलाच जायचं होतं. पहिल्यांदा तिने कांद्याची साल आणि हळद नेली. दुसऱ्यांदा जाताना सकाळी मला घराजवळच्या सरोवरावर पाठवलं आणि शेवाळाच्या कडेचं पाणी बाटलीत भरून आणायला सांगितलं. ते कुणी सुचवलं होतं, मला माहीत नाही.

त्या थेंबात चिकार हालचाल होती. हिरवे गोळे गरगर फिरत होते, काचेसारखे जीव पसरत आणि आखडत होते, एक अंगभर केस असलेला जीव सरकत सरकत उजेडाच्या वर्तुळाबाहेर गेला. आईने तासभर मला बघू दिलं नाही. दरवान दोनदा डोकावून गेला. दिदिमणी शेजारच्या टेबलावर मुलींच्या वह्या तपासत होत्या.

"हे रोज असंच चालू असतं?" आईने डोळा न काढता विचारलं. या वेळी माझ्यामार्फत नाही, तिच्या मोडक्या हिंदीत.

"रोज," दिदिमणी म्हणाल्या.

"आम्ही झोपलेलो असतो तेव्हाही?"

"तेव्हाही."

आईने मान हलवली आणि पुन्हा वाकली. मग माझा हात चाचपून धरला आणि मला जवळ ओढलं. "ये," ती म्हणाली, "आता तू बघ. सावकाश बघ."